बाप्तिस्म्याआड बुडालेले क्रियापद

१८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सेलम बंदरातून ‘कॅराव्हॅन’ हे जहाज कलकत्त्याला निघाले. त्यावर अदोनिराम जडसन आणि त्यांची नवपरिणीत पत्नी अ‍ॅन होती. जडसन तेव्हा अवघे २३ वर्षांचे होते. प्रवास चार महिन्यांचा, आणि हातात काम होते नव्या कराराच्या ग्रीक मूळपाठाचे. त्या पाठातल्या एका क्रियापदापाशी ते अडले. ते क्रियापद म्हणजे ‘बाप्तिझो’.

अडण्याला कारण होते. जडसन काँग्रिगेशनल मंडळीचे. त्या मंडळीत तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देत. कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला ज्यांच्या आश्रयाला जायचे होते ते विल्यम केरी आणि त्यांचे सहकारी मात्र बाप्टिस्ट. जाणत्या माणसाने स्वतःच्या विश्वासाने, सगळे अंग पाण्यात बुडवून घेतलेलाच बाप्तिस्मा ते खरा मानत. त्यांच्याशी वाद झालाच तर तयारी असावी म्हणून जडसन शब्दाच्या मुळाशी गेले, आणि तिथे त्यांना आपलीच बाजू लंगडी दिसली. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला कलकत्त्याच्या लालबाजार चॅपेलमध्ये विल्यम वॉर्ड यांनी त्यांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला. ज्या संस्थेने त्यांना पाठवले होते तिच्याशी असलेले नाते त्यांनी स्वतःहून तोडले. सहकारी ल्यूथर राइसही थोड्याच दिवसांत त्याच वाटेने गेले. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले आणि ब्रह्मी बायबलमध्ये त्यांनी या क्रियापदासाठी पाण्यात बुडवण्याचाच शब्द घातला.

त्याच संस्थेने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांचे मत मात्र बदलले नाही. ते १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. अहमदनगरच्या शाळा, पुढे नारायण वामन टिळकांचे ख्रिस्ती जीवन, हे सगळे त्या मिशनच्या परिसरात घडले. एका ग्रीक क्रियापदावरून झालेल्या या फाटाफुटीचा एक धागा असा थेट मराठी मुलखापर्यंत येतो. तरी मराठी वाचकाला, मग तो ख्रिस्ती असो वा नसो, ते क्रियापद कधी नीट भेटलेलेच नाही. त्याला भेटला तो ‘बाप्तिस्मा’ हा शब्द, आणि या शब्दाने क्रियापदाचा बराचसा अर्थ आपल्याआड दडवला आहे. हे बदलायला हवे, आणि बदलणे फारसे अवघडही नाही.

मुळात हे क्रियापद धर्माच्या घरचे नाही. ते दर्यावर्दी माणसांचे, सैनिकांचे, सावकारांचे आणि दारू पिणाऱ्यांचे आहे. ‘बाप्टो’ म्हणजे बुचकळणे. रंगारी कापड रंगात बुचकळतो, जेवणारा भाकरीचा तुकडा कालवणात बुडवतो, तिथे ग्रीक माणूस हे छोटे क्रियापद वापरतो. त्यापासून झालेले ‘बाप्तिझो’ अधिक जड. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला इतिहासकार पॉलिबियस आरमारी लढाईत बुडालेल्या जहाजांसाठी ते वापरतो. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्ये पानगोष्टी सुरू होतात तेव्हा अ‍ॅरिस्टोफनीस सांगतो की कालच्या बैठकीत जे पार बुडाले त्यांत आपणही होतो; शब्द हाच. ‘युथिडेमस’मध्ये वितंडवाद्यांच्या प्रश्नांच्या माऱ्याखाली एक कोवळा मुलगा गुदमरताना सॉक्रेटिसला दिसतो, तिथेही हाच. प्लुटार्क सम्राट गाल्बाविषयी लिहितो की ओथोला वारस नेमायला तो कचरत होता, कारण ओथो उधळा होता आणि पाच कोटींच्या कर्जात बुडालेला होता. ‘बुडालेला’ या जागी प्लुटार्कने लिहिलेले रूप ‘बाप्तिझो’चेच आहे.

मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. जहाज बुडते, बँक बुडते, माणूस कर्जात बुडतो, दारूत बुडतो, दुःखात बुडतो, घर बुडते, कूळ बुडते. ग्रीक क्रियापदाचा पसारा आणि मराठी ‘बुडणे’चा पसारा जवळजवळ एकावर एक बसतात. इंग्रजीतून आलेल्या भाष्यांना जे पानभर समजावून सांगावे लागते ते मराठीत एका शब्दात होते. हे भाग्य आपल्या भाषेला लाभले आहे आणि आपण ते वापरलेले नाही.

या शब्दाची काळी बाजू सर्वांत उघड दिसते ती ज्यू इतिहासकार जोसेफसकडे. हेरोद राजाच्या राणीचा भाऊ अरिस्टोब्युलस सतराव्या वर्षी प्रमुख याजक झाला आणि लोकांचा लाडका ठरला. हेरोदाला ते खुपले. इ.स.पू. ३५ च्या सुमारास यरीहोच्या राजवाड्यातल्या तलावात, पोहण्याच्या खेळाचे निमित्त करून, हेरोदाच्या माणसांनी त्या पोराला पाण्याखाली दाबून मारले. जोसेफसने तिथे घातलेले क्रियापद ‘बाप्तिझो’ आहे. आणि यरीहो यार्देन नदीपासून काही मैलांवर. दोन पिढ्यांनंतर त्याच टापूत योहान नावाचा एक वैरागी लोकांना पाण्यात उतरवू लागला, आणि त्याच्या कृत्यालाही हाच शब्द लागला. या योहानाला ‘बाप्तिस्त’ म्हणत, ही नोंद बायबलबाहेर जोसेफसच्याच ग्रंथात आहे.

अर्थात एकच बाजू सांगणे बरोबर नाही. ज्यू लोकांच्या ग्रीक शास्त्रात, म्हणजे सेप्टुआजिंटमध्ये, हे क्रियापद अवघ्या चार ठिकाणी येते आणि त्यांतल्या तीन ठिकाणी ते शुद्धीच्या अंघोळीचे आहे. अरामी सेनापती नामान महारोगी. अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून तो यार्देनेत सात वेळा बुडी घेतो आणि बरा होतो. यहूदीथ शत्रूच्या छावणीत रोज रात्री झऱ्यावर अंग धुते. प्रेताला शिवल्यावर न्हाणाऱ्याचा उल्लेख सिराखाच्या ग्रंथात आहे. चौथे ठिकाण यशयाचे. तिथे पाणी नाहीच. अधर्म आपल्याला बुडवतो आहे असा आक्रोश आहे. म्हणजे योहानाच्या काळी शब्दाला दोन धारा होत्या, एक न्हाण्याची आणि एक नाशाची. नव्या करारात हे क्रियापद सुमारे ७७ वेळा येते, आणि त्याचा अर्थ लावणाऱ्यांनी बहुतेक वेळा पहिलीच धार पाहिली.

त्यातही वाद लागला तो पाणी किती, यावर. वादाचे चिन्ह हस्तलिखितांतसुद्धा सापडते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात परूशी या कर्मठ ज्यू पंथाच्या रिवाजाचे वर्णन आहे: बाजारातून आल्यावर ते धुतल्याखेरीज जेवत नाहीत. बऱ्याच हस्तलिखितांत तिथे ‘बाप्तिझो’चे रूप आहे. पण चौथ्या शतकातल्या दोन अत्यंत प्रतिष्ठित प्रतींत, सिनाई आणि व्हॅटिकन प्रतींत, त्याऐवजी शिंपडण्याचे क्रियापद लिहिले आहे. कुणा लेखनिकाला बाजारातून आलेल्या माणसाने सगळे अंग बुडवावे हे पटले नसावे, असे अभ्यासक मानतात. लूकच्या अकराव्या अध्यायात परूशी माणसाला नवल वाटते ते येशूने जेवणाआधी हे केले नाही याचे. तिथे हात धुण्याचा अर्थ घ्यायचा की अंघोळीचा, हा पेच आजही आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर प्रेषित पौल म्हणतो की मोशेबरोबर निघालेल्या सगळ्या पूर्वजांचा मेघात आणि समुद्रात बाप्तिस्मा झाला. ती माणसे कोरड्या जमिनीवरून चालत गेली होती. बुडाले ते मिसरी सैनिक. तेव्हा ‘बाप्तिझो म्हणजे प्रत्येक ठिकाणी बुडवणे आणि बुडवणेच’ असे शपथेवर सांगणाऱ्यालाही शास्त्र सुखाने बसू देत नाही.

इंग्रजी प्रवचनांतून एक दाखला फिरतो, तो मराठी सभांतही ऐकू येतो. निकँडर नावाच्या ग्रीक कवीने लोणच्याची कृती सांगताना दोन्ही क्रियापदे वापरली आहेत. म्हणून ‘बाप्टो’ म्हणजे तात्पुरते बुचकळणे आणि ‘बाप्तिझो’ म्हणजे कायमचे पालटणे, असा त्यातून सिद्धान्त काढला जातो. सभेत तो टाळ्या घेतो. पण एका पाककृतीवर एवढे ओझे टाकू नये. पेले-भांडी धुण्यासाठी मार्क याच कुळातला शब्द वापरतो, आणि धुतलेला पेला पुन्हा खरकटा होतोच.

सुरुवातीच्या मंडळ्या या बाबतीत पुढच्या पिढ्यांपेक्षा शहाण्या होत्या. ‘दिदाखे’ ही छोटी पोथी पहिल्या शतकाअखेरची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची मानतात. फिलोथेओस ब्रिएनिओस यांना ती १८७३ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलला सापडली. तिच्यात सूचना साधी आहे. वाहते पाणी असेल तर त्यात बाप्तिस्मा द्यावा. नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड नसेल तर ऊन पाण्यात. आणि दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओतावे. बुडवणे हा पहिला पर्याय आणि अडचणीत ओतणेही चालते, इतकी माणुसकी त्या नियमात होती. ज्यांची मातृभाषाच ग्रीक आहे ती पूर्वेकडची सनातनी मंडळी आजही तान्ह्या मुलाला तीनदा पाण्यात बुडवते. म्हणजे बुडवण्याचा आग्रह धरणारे आणि बालकांना बाप्तिस्मा देणारे, या दोघांचेही निम्मे म्हणणे ग्रीकांच्या चालीत खरे ठरते.

माणुसकी सुटली ती युरोपात. १५२५ मध्ये झुरिकमध्ये काही तरुणांनी लहानपणीचा बाप्तिस्मा नाकारून एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. नगरसभेने पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्याला बुडवून मारण्याची शिक्षा ठरवली. ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मांझ यांना हातपाय बांधून लिम्मात नदीत टाकण्यात आले. ज्या विधीचा अर्थ आपण बरोबर लावला असे ते म्हणत होते, त्याच्याच क्रियापदाने त्यांना शिक्षा देण्यात आली. धर्माच्या इतिहासात याहून क्रूर शब्दच्छल विरळा. आणि मार्टिन ल्यूथर? १५२९ च्या त्यांच्या लहान प्रश्नोत्तरीत बाप्तिस्म्याचा अर्थ असा सांगितला आहे की माणसातला जुना आदाम रोजच्या पश्चात्तापाने बुडून मरावा. बुडण्याचे मर्म त्यांना पुरते कळले होते, तरी त्यांच्या मंडळीत पुढे पाणी ओतण्याचीच चाल रूढ झाली.

भाषांतरकारांनी या भांडणातून एक वाट काढली: शब्दाचे भाषांतरच करायचे नाही. लॅटिनने ग्रीक शब्द तसाच उचलला, इंग्रजीने लॅटिनमधून. १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या प्रस्तावनेत भाषांतरकारांनी उघड लिहिले आहे की बाप्तिस्म्याच्या जागी ‘धुणे’ असा शब्द घालणाऱ्या कर्मठ सुधारकांची रीत आम्ही टाळली. हिंदुस्थानात हाच प्रश्न १८३० च्या दशकात पेटला. कलकत्त्याच्या बाप्टिस्टांनी, म्हणजे विल्यम येट्स आणि डब्ल्यू. एच. पीअर्स यांनी, बंगाली नव्या करारात बुडवण्याचा अर्थ देणारा शब्द घातला. ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने त्याला पैसे द्यायला नकार दिला; मूळ ग्रीक शब्द तसाच ठेवा किंवा सगळ्या पंथांना चालेल असा शब्द घ्या, अशी तिची अट. अमेरिकन बायबल सोसायटीनेही तेच केले. परिणामी अमेरिकेत बाप्टिस्टांनी १८३६ मध्ये वेगळी सोसायटी काढली आणि इंग्लंडमध्ये १८४० मध्ये. एका शब्दासाठी दोन खंडांत दोन संस्था.

मराठीत प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या शास्त्रात ‘बाप्तिस्मा’ रुजला. कॅथलिकांनी ‘स्नानसंस्कार’ हा देशी शब्दही घडवला. ‘बाप्तिस्मा’ शब्दाने शांतता राखली, हे त्याचे श्रेय. बुडवणारा आणि शिंपडणारा, दोघेही तो वाचू शकत होते. पण किंमतही मोजावी लागली. ‘बाप्तिस्मा’ हे नाम आहे; ‘बाप्तिस्मा’चे मूळ ग्रीक रूप ख्रिस्ती लेखनाआधी आढळत नाही, म्हणजे ते आधीच विधीचे नाव बनलेले. नाम उचलले की क्रियापद करायला मराठीत ‘देणे’ आणि ‘घेणे’ जोडावे लागते. बाप्तिस्मा दिला, बाप्तिस्मा घेतला. ग्रीकमध्ये माणसाला काहीतरी होते: तो बुडतो, बुडवला जातो, पाणी त्याच्यावरून जाते. मराठीत ती हातातून हातात जाणारी वस्तू झाली. पाळकाकडे ती आहे, उमेदवाराने ती घेतली, नोंदवहीत तारीख पडली.

‘स्नानसंस्कार’ हा शब्द कानाला गोड आहे आणि न्हाण्याची धार त्यात पुरेपूर उतरली आहे. बुडण्याची धार मात्र त्यातही नाही.

ख्रिस्ती नसलेल्या मराठी समाजाने या शब्दाचा आणखी वेगळा अर्थ केला. त्याच्या लेखी बाप्तिस्मा म्हणजे बाटणे. विहिरीत पाव टाकला आणि गावच्या गाव बाटले, ही गोष्ट वसई-गोव्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. १ मे १८३९ रोजी मुंबईत धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाला मिशनरी जॉन विल्सन यांनी बाप्तिस्मा दिला तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि विल्सन यांच्या शाळेतून मुले भराभर काढून घेतली गेली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या धाकट्या भावाचा, श्रीपतीचा, झालाही नव्हता. तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला-जेवला एवढेच. तरी त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांना केवढी झुंज द्यावी लागली. धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क बुडू नये म्हणून १८५० मध्ये सरकारला कायदा करावा लागला. १८५४ मध्ये बेळगावात बाबा पदमनजींचा आणि १८९५ मध्ये मुंबईत ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार काही वर्षे कसा मोडून पडला हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

यात एक विलक्षण गोष्ट घडली. शास्त्राच्या मराठी पाठातून बुडण्याचा अर्थ निसटला होता, पण तो मराठी माणसांच्या आयुष्यात उतरला. ज्याने बाप्तिस्मा घेतला त्याचे घर, जात, वारसा, आईबापांचे तोंड, सगळे खरोखरच बुडत होते. काही घरांत तर जिवंत मुलाचे श्राद्ध घातले गेले. पौलाने रोमकरांस लिहिताना बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे आणि पुरले जाणे असे म्हटले होते. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती माणसाला त्यावर टीकाग्रंथ वाचण्याची गरज नव्हती.

क्रियापदाची ही दुसरी धार सर्वांत तीव्र होते ती मार्काच्या दहाव्या अध्यायात. जब्दीचे दोन मुलगे, याकोब आणि योहान, येशूकडे येतात. त्यांना हवे आहे ते त्याच्या वैभवात उजव्या-डाव्या हाताचे आसन. येशू उलट विचारतो: मी पितो तो पेला तुम्हांला पिता येईल का, आणि ज्या बाप्तिस्म्याने माझा बाप्तिस्मा होतो आहे तो तुम्हांला सोसेल का? येशूचा यार्देनेतला विधी पहिल्याच अध्यायात उरकला आहे. इथे तो यरुशलेमच्या वाटेवर आहे, आणि आपल्याला धरून मारतील हे त्याने नुकतेच तिसऱ्यांदा सांगितले आहे. हा कुठल्याही विधीचा प्रश्न नाही. पूर येतो आहे, त्यात मी बुडणार आहे, तुम्ही बुडाल का, असा तो प्रश्न आहे. दोघेही बेधडक ‘होय’ म्हणतात. प्रेषितांची कृत्ये सांगतात की यांतल्या याकोबाला पुढे हेरोद नावाच्याच नंतरच्या एका राजाने तलवारीने मारले. लूकच्या बाराव्या अध्यायात येशू पुन्हा हेच बोलतो: एक बाप्तिस्मा अजून व्हायचा आहे आणि तो होईपर्यंत जीव कोंडला आहे. रूढ मराठी पाठात मात्र मार्कातल्या त्या संवादात बाप्तिस्मा ‘घेण्याची’ भाषा आहे. रविवारच्या उपासनेत ते ऐकणाऱ्याला वाटते की गुरू शिष्यांना एखाद्या संस्काराविषयी विचारतो आहे. आणि एवढा भीषण प्रश्न कानावरून निघून जातो.

ग्रीक शब्द उचलताना मराठी ख्रिस्ती भाषेने दुसरीकडे एक फार सुंदर शब्द निवडला होता: तारण. येशू तारणारा, त्याने केले ते तारण. हा शब्द संतांच्या मराठीतून आला. भवसागर, बुडणारा जीव, पैलतीर, तारू, नावाडी हे सगळे त्याच्या पाठीमागे उभे आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली आणि ती तरली, ही कथा सांगताना मराठी माणूस ‘तरली’ या शब्दावर जोर देतो. या भाषेत तरणे म्हणजे उद्धार आणि बुडणे म्हणजे सत्यानाश. म्हणूनच कदाचित पवित्र विधीसाठी ‘बुडवणे’ हा शब्द घ्यायला इथला कान कचरला असेल. पण नव्या कराराचे म्हणणे नेमके या जोडीवर उभे आहे: तरायचे असेल त्याने आधी बुडावे. पेत्राच्या पहिल्या पत्रात नोहाच्या जलप्रलयाचा दाखला देऊन बाप्तिस्म्याने तारण होते असे सांगितले आहे, तिथे बुडवणारे पाणी आणि तारणारे पाणी एकच आहे. हा विरोधाभास मांडायला जगातल्या फार थोड्या भाषांकडे मराठीइतकी तयार शब्दसंपत्ती असेल. ‘तारण’ घेतले आणि ‘बुडणे’ सोडले, त्यामुळे वाक्याचा अर्धा भागच मराठीत आला.

पंडिता रमाबाईंना मराठी बायबलच्या भाषेची ही तळमळ होती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा इंग्लंडमधल्या वाँटेज इथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला, आणि त्याच वेळी त्यांची चिमुकली मुलगी मनोरमा हिचाही. पंचविशीतली विदुषी स्वतःच्या विचाराने पाण्याशी आली, आणि जिला अजून विचार फुटला नव्हता ते लेकरू आईच्या कडेवरून आले. जडसन यांना जहाजावर ज्या प्रश्नाने झोप लागू दिली नसेल, त्याची दोन्ही उत्तरे एका घरात एका दिवशी नांदली. टिळकांनी तर १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ उभारताना बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात एकत्र बसवले.

हे भांडण मिटवण्याची एक मोठी खटपट महाराष्ट्रातच झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. तीत अमेरिकन मराठी मिशनचा वारसा सांगणारे होते आणि केरींचा वारसा सांगणारे बाप्टिस्टही होते. बालकांचा बाप्तिस्मा आणि जाणत्यांचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती एका मंडळीत मान्य झाल्या. सगळे सुरळीत झाले असे नाही. लहानपणी पाणी शिंपडलेला तरुण पुढे एखाद्या पेन्टेकॉस्टल सभेत जातो, पुन्हा बुडून बाप्तिस्मा घेतो, आणि मग घरात व मंडळीत वाद होतात. पहिला खोटा होता का, हा प्रश्न त्याच्या आईला झोंबतो. या भांडणात दोन्हीकडचे लोक ‘मूळ ग्रीकमध्ये असे आहे’ म्हणून एकमेकांवर शब्दकोश फेकतात. त्यांनी मार्काचा दहावा अध्याय आधी वाचावा. पाणी घोट्यापर्यंत होते की गळ्यापर्यंत, हे याकोबाला कुणी विचारले नाही.

तेव्हा मागणी मोठी नाही. विधीसाठी ‘बाप्तिस्मा’ आणि ‘स्नानसंस्कार’ हे शब्द राहू द्यावेत. ते आता मराठीच आहेत. लोकांची नोंदवही, लग्नपत्रिका, आठवणी त्यांत आहेत. पण मराठी भाषांतरकारांनी जिथे विधी नव्हता तिथे हे क्रियापद पूर्वीही उलगडले आहे: नामान मराठीत बुड्या घेतो, आणि लूकमधल्या परूश्याला नवल वाटते ते न धुण्याचेच. तोच न्याय मार्काच्या दहाव्या अध्यायाला आणि लूकच्या बाराव्या अध्यायाला लावावा. पुढच्या सुधारित आवृत्तीत तिथे मूळ पाठातच बुडण्याचे क्रियापद यावे. मंडळ्यांना ते पचणार नसेल तर निदान पानाच्या तळाशी दोन ओळींची टीप द्यावी की ग्रीक शब्दाचा अर्थ बुडून जाणे असा आहे आणि इथे येशू आपल्या मरणाविषयी बोलतो आहे. बाप्तिस्म्याच्या वर्गात उमेदवारांना विश्वासांगीकार पाठ करून घेतात, तिथे पाळकांनी एक तास या क्रियापदासाठी ठेवावा. ओथोचे कर्ज, यरीहोचा तलाव, नामानाची नदी आणि लिम्मातचे पाणी ही चारही ठिकाणे त्या मुलांना दाखवावीत, आणि मग विचारावे की पुढच्या रविवारी तुम्ही नेमके कशात उतरणार आहात.